आकाशगंगेचे फोटो आणि अति एडिटिंग: नेमकं थांबायचं कुठे?

रातवा

फेब्रुवारी ते मे हा आपल्या सह्याद्रीतला आकाशगंगेचा सीझन. अमावस्येच्या आसपासचा शनिवार-रविवार आला की हरिश्चंद्रगड, रतनगड, नाणेघाट, साल्हेर सगळीकडे ट्रायपॉड लागतात आणि सोमवारपासून ग्रुपवर फोटो यायला सुरुवात होते. बरेच दिवस या विषयावर लिहायचं डोक्यात होतं. लोक पाठीवर एवढं सामान घेऊन गड चढतात, रात्रभर थंडीवाऱ्यात जागतात, आणि मग जो फोटो टाकतात त्यात आकाश जांभळं, आकाशगंगेचा पट्टा भडक पेटलेला, डोंगराच्या कडेने पांढरट रेघ आणि खालची कारवी इतकी उजळलेली की पानं मोजून घ्यावीत. मेहनत खरी आहे, जागा खरी आहे, फक्त रात्र कुठे दिसत नाही.

एडिटिंगच करू नका असं मी म्हणत नाहीये हे आधीच सांगतो. रॉ फाइल (कॅमेऱ्याने काहीही प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) फिक्कट राखाडीच दिसते, तिला हात लावावाच लागतो. प्रश्न किती याचा आहे. आणि माझं मत असं की अति एडिटिंगची सुरुवात लॅपटॉपवर होत नाही, ती गडावरच होते, कारण तिथे प्रकाश कमी गोळा केलेला असतो. एकच फ्रेम, तीही अंडरएक्स्पोज, म्हणजे अपुऱ्या प्रकाशाची. मग घरी येऊन एक्स्पोजर दोन स्टॉप वर घ्यायचं, त्याने नॉइज (फोटोतले रवाळ दाणे) उसळला म्हणून नॉइज रिडक्शन, त्याने सगळं गुळगुळीत झालं म्हणून क्लॅरिटी (कडांचा उठाव वाढवणारा स्लायडर), क्लॅरिटीने ताऱ्यांभोवती काळी कडी आली म्हणून तारे बारीक करायचं टूल, आणि एवढं करून रंग उडाले म्हणून शेवटी सॅच्युरेशन. म्हणजे प्रत्येक स्लायडर आधीच्या स्लायडरने केलेलं नुकसान भरून काढायला लावलेला. डाळच कमी घातली असेल तर आमटी कितीही उकळा, दाटपणा येणार नाही.

त्यामुळे पहिला उपाय कॅमेऱ्याचाच. एफ २.८ ची लेन्स असेल तर २० सेकंद, आयएसओ ३२००, आणि एका फ्रेमवर थांबायचं नाही, लागोपाठ १६ काढायच्या. स्टॅक केल्यावर, म्हणजे सगळ्या फ्रेम एकावर एक जुळवून त्यांची सरासरी काढल्यावर, फ्रेमच्या संख्येच्या वर्गमुळाने नॉइज कमी होतो, म्हणजे १६ फ्रेमचा नॉइज चौथ्या हिश्श्यावर येतो, ९ काढल्या तरी एक तृतीयांशावर. १६ फ्रेमना साडेपाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत. विंडोजवर सिक्वेटर फुकट आहे, त्यात जमीन जागच्या जागी ठेवून फक्त आकाश जुळवता येतं. मॅकवर स्टारी लँडस्केप स्टॅकर आहे (विकत), आणि सिरिल दोन्हीकडे चालतं. एवढं केलं की घरी ओढाताण करायची वेळच येत नाही.

माझा एडिटिंगचा क्रम सांगतो, यावर चर्चा व्हावी. आधी लेन्स प्रोफाइल लावून कोपऱ्यातला काळोख काढतो, नाहीतर पुढे डीहेझ (धूसरपणा कमी करणारा स्लायडर) लावलं की कोपरे अजून बुडतात. मग व्हाइट बॅलन्स (फोटोचा रंग किती ऊबदार किंवा थंड ते), ३९०० ते ४३०० केल्विनच्या मध्ये कुठेतरी आणि सगळ्या फ्रेमना एकच. मग स्टॅक, आणि तिथून पुढे १६ बिट टिफ, कारण जेपेगवर कर्व्ह ओढले की आकाशात पट्टे पडतात. ब्लॅक पॉइंट (फोटोतला सगळ्यात काळा टोन) कधीही शून्यावर आपटत नाही. ० ते २५५ च्या पट्टीवर तारे सोडून मधलं रिकामं आकाश २५ ते ४० च्या आसपास राहील असं बघतो. ओव्हर झालेल्या बहुतेक फोटोंत हीच जागा पार काळी केलेली असते आणि त्यावर आकाशगंगा पेटवलेली असते. खरं आकाश काळं नसतंच, अगदी अंधाऱ्या जागीसुद्धा त्याला स्वतःचा हलका उजेड असतो.

क्लॅरिटी आणि डीहेझ मी पूर्ण फोटोला लावतच नाही. कोअरमधल्या (आकाशगंगेच्या मधल्या ठळक भागातल्या) धुळीच्या काळ्या पट्ट्यांवर ब्रशने, तेही १०-१५ च्या वर नाही. बाकी काम कर्व्हने.

तुमचे अनुभव लिहा. आणि विरोधी मत असेल तर जरूर लिहा, सगळ्यांनी माना डोलवाव्यात म्हणून हे काढलेलं नाही.

कातळकडा

+१, गरज होती या धाग्याची.

डोंगराच्या कडेच्या पांढऱ्या रेघेबद्दल लिहितो कारण तो सगळ्यात जास्त दिसणारा दोष आहे आणि टाळायला सगळ्यात सोपा. ती रेघ दोन कारणांनी येते. एक म्हणजे क्लॅरिटी आणि डीहेझ कॉन्ट्रास्ट शोधत जातात, आणि आख्ख्या फोटोत सगळ्यात जास्त कॉन्ट्रास्ट आकाश आणि कडा जिथे भेटतात तिथेच असतो, मग कड्याच्या वरचं आकाश उजळतं आणि खालचा दगड अजून काळा होतो. दुसरं कारण म्हणजे ते एका क्लिकमधलं स्काय मास्क, म्हणजे फक्त आकाश आपोआप निवडणारं टूल. सरळ क्षितिज असेल तर ते ठीक काम करतं, पण आपल्याकडे कड्यावर गवत, कारवी, एखादं वाळकं झाड असतंच, मास्क त्या फांद्यांच्या मधलं आकाश सोडून देतं आणि झाडाभोवती एक उजळ ढग तयार होतो.

मी काय करतो तर आकाशाला जे काही लावलंय त्याचं मास्क कड्याच्या रेषेपासून थोडं वरच विरघळवतो, आणि कडेवर २०० टक्के झूम करून डावीकडून उजवीकडे पूर्ण फिरतो. पाच मिनिटांचं काम आहे. बाकी फोटो कसाही असो, कड नीट असली की निम्मी लढाई जिंकली.

अजून एक, एप्रिल २०२३ पासून लाइटरूममध्ये जे एआय डीनॉइज आलंय ते भारी आहे, मीही वापरतो, पण ५० च्या वर गेलात की बारीक तारे खायला लागतं आणि काही ठिकाणी ताऱ्यांना शेपट्या काढतं. १०० टक्के झूमवर आधीचं आणि नंतरचं ताडून बघा आणि तारे मोजा. गायब झालेले लगेच कळतील.

निशाचर

मी थोडं वेगळं लिहितो, रागावू नका कोणी. "नैसर्गिक", "खरं आकाश" हे सगळे बोलतात पण रात्री डोळ्याला रंग दिसतात कुठे? आपण कोकणकड्यावर उभे असतो तेव्हा आकाशगंगा राखाडीच दिसते. मग तुम्ही ४००० केल्विन लावून जो पिवळसर रंग आणता तो तरी डोळ्यांनी कुठे बघितलाय तुम्ही? कॅमेरा २० सेकंद प्रकाश साठवतो, डोळा साठवत नाही, म्हणजे हा फोटो मुळातच डोळ्याच्या पलीकडचा आहे. एकदा पलीकडे गेलो की मग निळं काय नि पिवळं काय, तो फोटोग्राफरचा निर्णय आहे. मला थंड रात्र निळी वाटते म्हणून मी ती निळी करतो. मी बातमी देत नाहीये, माझ्या मनातली रात्र दाखवतोय. चित्रकाराला कोणी विचारत नाही की हा रंग किती केल्विनचा.

कडेच्या रेघा आणि तारे खाणं याबद्दल पूर्ण सहमत, ते कारागिरीतले दोष आहेत. पण रंगांवर बंधन नको.

ध्रुवमत्स्य

निशाचर, तुमचा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि त्याचं अर्धं म्हणणं शास्त्रीयदृष्ट्या बरोबरच आहे. अंधारात डोळ्यातल्या दंडपेशी काम करतात, त्यांना रंग कळत नाही, त्यामुळे आकाशगंगा राखाडी दिसते. पण डोळ्याला रंग दिसत नाही म्हणून प्रकाशाला रंग नसतो असं होत नाही ना. तो प्रकाश ठराविक रंगाचा आहे, आपण बघितला काय नि न बघितला काय.

आणि ताऱ्यांचे रंग तर डोळ्यालाही कळतात, निदान ठळक ताऱ्यांचे. वृश्चिकातली ज्येष्ठा नारिंगी-लाल दिसतेच की. तिचं पृष्ठभागाचं तापमान साधारण ३५०० केल्विन आहे. त्याच वृश्चिकाच्या नांगीतला मूळ हा तारा निळसर पांढरा, तो ज्येष्ठेच्या कितीतरी पट तापलेला आहे. हे दोन्ही तारे कोअरच्या शेजारीच, तुमच्या प्रत्येक फोटोत असतात. म्हणजे रंग तपासायची पट्टी आकाशानेच दिलेली आहे! एडिट झाल्यावर या दोघांवर झूम करा. ज्येष्ठा नारिंगी आणि मूळ निळसर दिसला तर व्हाइट बॅलन्स ठिकाणावर आहे. दोन्ही निळे दिसले तर आकाश जास्त थंड केलंय, दोन्ही पिवळे दिसले तर जास्त ऊबदार, आणि दोन्ही पांढरेफट्ट ठिपके असतील तर तारे जळलेत किंवा शार्पनिंगने मारलेत. वसंतात पूर्वरात्री चौकट वेगळी असेल तर स्वाती नारिंगी आणि चित्रा निळसर, ही जोडी घ्या.

कोअरचा पिवळसर रंग यायला कारणं आहेत. त्या भागात जुने, थंड तारे खूप आहेत आणि मधल्या धुळीतून निळा प्रकाश जास्त अडतो, तांबडा-पिवळा जास्त पोचतो. सूर्य मावळताना पिवळा-तांबडा का होतो तसाच हा प्रकार. चंद्र नसलेल्या रात्रीचं आकाशही निळं नसतं. निळं आकाश चांदण्या रात्रीचं, कारण चांदणं म्हणजे परावर्तित सूर्यप्रकाशच आणि तो हवेत दिवसासारखाच विखुरतो. म्हणून अमावस्येच्या आकाशगंगेमागे गडद निळं आकाश दिसलं की आकाश बघायची सवय असलेल्याला ते खटकतं, कारण चांदण्याचं आकाश आणि अंधाऱ्या रात्रीची आकाशगंगा एकत्र आलेली असते.

तुम्ही निळं करू नका असं मी म्हणणार नाही. पण निळं करताना ज्येष्ठा निळी झाली तर मला दुःख होतं, हे प्रामाणिकपणे सांगतो. तिला तिचा रंग आहे.

रातवा

काका, ज्येष्ठा आणि मूळची टेस्ट अप्रतिम आहे. सगळ्यांनी लिहून ठेवा.

यात एक भर. लॅपटॉप आणि मोबाइलमधला नाइट लाइट किंवा आय कम्फर्ट मोड संध्याकाळी आपोआप चालू होतो आणि स्क्रीन पिवळी करतो. बहुतेक लोक एडिट रात्री जेवणानंतर करतात, स्क्रीन आधीच पिवळी असते, म्हणून फोटो निळीकडे ओढत नेतात आणि त्यांना तो बरोबरच वाटतो. सकाळी बघा तो फोटो. एडिटिंगच्या आधी तो मोड बंद, स्क्रीनचा ब्राइटनेस मध्यम, आणि खोलीत एक साधा दिवा चालू ठेवा. मिट्ट अंधारात एडिट केलं की डोळे सरावतात आणि फोटो नको तितका गडद केला जातो, आणि ब्राइटनेस फुल ठेवून केलं तरी तसंच होतं.

माळरान

वाचतोय. खूप शिकायला मिळतंय.

मी नागपूरकडचा. पेंचला जानेवारी २०२४ मध्ये डार्कस्काय इंटरनॅशनलचा डार्क स्काय पार्क म्हणून दर्जा मिळाला, भारतातला पहिला, तेव्हापासून इकडेही रात्रीच्या फोटोंची आवड बरीच वाढलीय. पण माझं निरीक्षण वेगळं आहे, लोक लडाखमधल्या हानलेचे फोटो बघतात आणि आपल्याकडचा फोटो तसा दिसेपर्यंत डीहेझ ओढत राहतात. हानले ४५०० मीटरवर आहे, हवा विरळ आणि कोरडी, तिथे रॉ फाइलच वेगळी येते. इकडे मार्च-एप्रिलमध्ये धूळ, शेतातला पालापाचोळा जाळल्याचा धूर, घाटात वणवे. ते आकाश हानलेसारखं दिसायलाच नको. मग त्याला जबरदस्ती कशासाठी?

ध्रुवमत्स्य

माळरान, अगदी बरोबर, आणि यातून ओव्हर एडिटिंग ओळखायची अजून एक खूण मिळते. तारा क्षितिजाकडे झुकतो तसा त्याचा प्रकाश जास्त जास्त हवेतून येतो. ३० अंश उंचीवर डोक्यावरच्या दुप्पट हवा, १० अंशांवर साडेपाच पट. म्हणून क्षितिजालगत तारे विरळ होत जायलाच हवेत, आणि थोडे तांबूसही. फोटोत डोंगराच्या अगदी डोक्याला चिकटून ताऱ्यांची तेवढीच गर्दी असेल जेवढी वर आहे, तर समजायचं की खालचं आकाश ओढलंय.

आपल्याकडचं एक सुख मात्र विसरू नका. कोअर दक्षिणेकडे आहे, साधारण उणे २९ अंश क्रांतीवर (खगोलीय विषुववृत्ताच्या २९ अंश दक्षिणेला). हरिश्चंद्रगडासारख्या १९ अक्षांशाच्या जागेवरून ती ४२ अंशांपर्यंत वर चढते. हानलेहून जेमतेम २८. म्हणजे धूर-धूळ असली तरी कोअर चांगली वर आल्यावर फोटो काढला तर हवेचा त्रास खूप कमी होतो. उगवती कोअर सुंदर दिसते खरी पण तिला एडिटिंग जास्त लागतं. तास-दीड तास थांबा.

निशाचर

हे चांगलं सांगितलंत काका. पण हरिश्चंद्रगडावर कोअर वर चढते तेव्हा बरोबर दक्षिणेला असते आणि दक्षिणेलाच जुन्नर-नारायणगाव, त्यामागे चाकण, पुणं. उजेडाचा मोठा फुगवटा असतो तिथे. तो काढायचा की ठेवायचा? मी काढतो, ते शहर मला फोटोत नकोय.

रातवा

मी अर्धा काढतो. पूर्ण काढला तर खालचं आकाश वरच्यापेक्षा गडद होतं आणि ते कधीच खरं वाटत नाही, बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही पण काहीतरी चुकलंय हे कळतं. लिनियर ग्रेडियंट क्षितिजाकडून वर, एक्स्पोजर उणे ०.३ ते ०.५, आणि त्याच ग्रेडियंटमध्ये सॅच्युरेशन थोडं कमी. बस.

पूर्वी हे सोपं होतं. सोडियमचे पिवळे दिवे होते, त्यांचा प्रकाश एका अरुंद पट्ट्यात, ५८९ नॅनोमीटरच्या आसपास एकवटलेला, लेन्सला फिल्टर लावला की बराचसा कापला जायचा. आता सगळीकडे पांढरे एलईडी, त्यांचा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला, फिल्टर काही करत नाही, उलट ताऱ्यांचे रंग बिघडवतो. म्हणून तो फुगवटा घरी घासून काढायचा मोह होतो. शिवाय मला वाटतं तो उजेड थोडा दिसू द्यावा. गडावरून आकाश दरवर्षी किती फिकट होत चाललंय हे फोटोंतूनच कळणार आहे पुढच्या लोकांना. आपण सगळ्यांनी तो पुसून टाकला तर कोणी म्हणेल सह्याद्रीत प्रदूषण नव्हतंच.

घाटवाट

कंपोझिटचं, म्हणजे वेगवेगळे फोटो जोडून एक करण्याचं, कोणीच काढलं नाही अजून म्हणून लिहितो. स्लायडरपेक्षा मला तेच जास्त खुपतं. एकाच ट्रायपॉडवरून आकाशाच्या फ्रेम आणि जमिनीची लांब फ्रेम वेगळी काढून जोडणं यात मला काहीच गैर वाटत नाही, मी तेच करतो, आकाश २० सेकंद आणि जमीन ३ मिनिटं आयएसओ १६०० वर. पण भंडारदऱ्याच्या धरणावरून कळसूबाईच्या माथ्यावर कोअर दाखवलेला फोटो आला की काय बोलावं कळत नाही. कळसूबाई तिथून वायव्येला. कोअर आपल्याकडे आग्नेयेला १२१ अंशांच्या आसपास उगवते, नैर्ऋत्येला २३९ च्या आसपास मावळते, उत्तर बाजूला ती कधी येतच नाही. उत्तरेला हंस, शर्मिष्ठा यांच्याकडचा फिकट पट्टा येतो, तोही सुंदर आहे, पण त्याला कोअरइतके लाइक मिळत नाहीत म्हणून बदली करायची?

दुसरा प्रकार म्हणजे कोअर मोठी करणं. जमीन १४ एमएमच्या रुंद लेन्सने आणि आकाश ५० एमएमच्या जवळ आणणाऱ्या लेन्सने. ज्येष्ठेपासून वृश्चिकाच्या नांगीपर्यंत साधारण १७ अंश अंतर आहे. फुल फ्रेमवर २० एमएम लेन्स असेल तर आडव्या चौकटीच्या पाचव्या भागाएवढा वृश्चिक दिसायला हवा. निम्मी चौकट व्यापली असेल तर प्रश्न विचारा.

करायचं असेल तर करा, पण खाली लिहा की कंपोझिट आहे. नवीन मुलं ते बघून त्या जागी जातात, रात्रभर वाट बघतात आणि तसलं काही उगवत नाही.

उत्तरा

घाटवाट, पूर्ण अनुमोदन. काजव्यांच्या फोटोंनाही हेच लागू होतं. मे अखेर ते जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाचीला काजवे असतात आणि त्यांचे फोटो बहुतेक सगळे दीड-दोन तासांच्या फ्रेम लाइटन मोडमध्ये (प्रत्येक फ्रेममधला उजळ भाग तेवढा ठेवून) एकावर एक रचून केलेले असतात. झाडाखाली हिरव्या-पिवळ्या ठिपक्यांचा गालिचाच. स्टॅकिंग चूक नाही, पण काहीजण तेवढ्यावर थांबत नाहीत, तोच थर फिरवून, उलटा करून पुन्हा लावतात. आणि मग त्या फोटोवर विश्वास ठेवून गाड्याच्या गाड्या जातात, लोकांना वाटतं एवढे दिसणारेत, दिसत नाहीत म्हणून आत झाडीत टॉर्च मारत शिरतात. काजवे उजेडाने एकमेकांना शोधतात, टॉर्चमुळे त्यांचं ते कामच थांबतं. एका भडक फोटोचा परिणाम शेवटी त्या झाडावर होतो म्हणून इतकं पोटतिडकीने लिहितेय. मी काजव्यांच्या फोटोखाली किती वेळाच्या फ्रेम आहेत ते नेहमी लिहिते, बाकीच्यांनीही लिहावं ही विनंती.

कातळकडा

उत्तराताई, हे फार आवश्यक होतं.

पुनर्वसू

खूप छान चर्चा चाललीय, मधे बोलतेय. माझ्याकडे क्रॉप सेन्सर कॅमेरा आणि किट लेन्स १८-५५ आहे, एफ ३.५ च्या खाली जात नाही. तुम्ही सगळे एफ २.८, फुल फ्रेम म्हणताय. माझ्यासारख्यांना ओढाताण करावीच लागणार ना? आणि मोबाइलने काढणाऱ्यांचं काय? पुढच्या अमावस्येला राजमाचीला जायचा विचार आहे.

रातवा

पुनर्वसू, अजिबात गरज नाही ओढाताणीची. एफ ३.५ म्हणजे २.८ पेक्षा प्रकाश साधारण दीड पटीने कमी, तेवढं फ्रेमच्या संख्येने भरून निघतं. १८ एमएम, क्रॉप सेन्सर, ५०० च्या नियमाने (५०० भागिले लेन्सचे एमएम गुणिले क्रॉप) १८ सेकंद निघतात पण तारे लांबायला नकोत म्हणून १५ ठेव. आयएसओ ३२००, आणि २५ फ्रेम काढ. सव्वासहा मिनिटं. त्यानंतर कॅमेरा न हलवता जमिनीसाठी ३-४ मिनिटांच्या दोन फ्रेम. फोकस मॅन्युअलवर, ठळक ताऱ्यावर लाइव्ह व्ह्यूमध्ये मोठं करून. फोकस हुकला तर नंतर शार्पनिंगने काही होत नाही, उलट तिथूनच फोटो बिघडायला लागतो.

जमीन उजळ हवी असेल तर तिथीचा उपयोग कर. फाल्गुन-चैत्रात वद्य द्वादशी-त्रयोदशीची कोर पहाटे उगवते तेव्हा कोअरही वर असते, त्या हलक्या उजेडात कडा आपोआप उमटतो आणि आकाशगंगाही फारशी मरत नाही. मिट्ट अमावस्येलाच जायला हवं असं नाही.

जमिनीबाबत एकच लक्षात ठेव, चंद्र नसेल तर जमीन आकाशापेक्षा गडदच असते. पाण्यातलं प्रतिबिंबही आकाशापेक्षा उजळ असू शकत नाही. लांब फ्रेममधली जमीन जोडताना ती मुद्दाम खाली आण.

मोबाइलचं म्हणशील तर २०१९ मध्ये पिक्सेल ४ आला तेव्हापासून काही मोबाइल स्वतःच चार मिनिटांपर्यंत लागोपाठ फ्रेम काढून स्टॅक करतात, म्हणजे एडिटिंग आधीच झालेलं असतं. त्यावर पुन्हा ॲपचा एन्हान्स किंवा फिल्टर लावला की दोनदा ओव्हर. शक्य असेल तर रॉ सेव्ह कर, नाहीतर फक्त ब्राइटनेस आणि क्रॉप, बाकी काही नको.

निशाचर

एक प्रश्न राहिलाय माझा. मागे रतनगडावर काढलेल्या फ्रेममध्ये क्षितिजाच्या वर हिरवट पट्टे आलेत, लाटांसारखे. मी टिंट (हिरवा-मॅजेंटा रंगाचा स्लायडर) मॅजेंटाकडे नेऊन काढून टाकले. ते लेन्सचं काहीतरी आहे की दिव्यांचं?

ध्रुवमत्स्य

शक्य आहे की तो एअरग्लो, म्हणजे वरच्या हवेचा स्वतःचा मंद उजेड, आहे! साधारण ९०-१०० किलोमीटर उंचीवर ऑक्सिजनचे अणू ५५७.७ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश सोडतात. काही रात्री तो जास्त असतो आणि त्याला लाटांचा आकारही येतो. लागोपाठच्या फ्रेम एकामागून एक चालवून बघा, पट्टे जागा बदलत सरकत असतील तर एअरग्लोच. शहराचा उजेड जागचा हलत नाही. टिंटने तो हिरवा मारला की आख्खं आकाश मॅजेंटा होतं, जांभळ्या आकाशाच्या कितीतरी फोटोंचं कारण हेच आहे. लोकांना जांभळं करायचं नसतं, हिरवं काढायचं असतं.

तसंच लाल रंगाचंही. कोअरजवळचा लगून नेब्युला (वायूचा ढग) गुलाबी दिसला तर तो खोटा नाही, हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा प्रकाश आहे तो. साध्या कॅमेऱ्यातला फिल्टर तो बराचसा अडवतो, मॉडिफाय केलेल्या कॅमेऱ्यात भरपूर येतो. म्हणून लाल ठिपके दिसले की लगेच ओव्हर म्हणू नका, कॅमेरा विचारा.

निशाचर

फ्रेम चालवून बघितल्या. पट्टे सरकतायत काका, उत्तरेकडून दक्षिणेकडे. आता टिंट परत आणून नव्याने एडिट करतो. निळ्या रंगाबद्दल माझं मत कायम आहे, प्रदर्शनासाठी मी माझी रात्र माझ्या रंगात दाखवणार. पण ज्येष्ठा नारिंगी ठेवून निळं करता येतं का ते बघतो, ताऱ्यांचा थर वेगळा काढून फक्त मागचं आकाश थंड केलं तर जमावं. आणि ग्रुपवर टाकताना रंग बदललाय असं लिहीन, घाटवाटचं तेवढं पटलं.

घाटवाट

एवढंच हवं होतं भाऊ.

पुनर्वसू

राजमाचीहून आले! २५ फ्रेम, १५ सेकंद, सिक्वेटरमध्ये स्टॅक केल्या. एडिट आणि मूळ स्टॅक दोन्ही खाली टाकलेत. डीहेझ ३५, क्लॅरिटी २०, व्हायब्रन्स २५ आहे. जास्त झालंय का? आकाशगंगा स्पष्ट दिसावी म्हणून वाढवलं.

रातवा

मूळ स्टॅक किती स्वच्छ आलाय बघ, किट लेन्सवर! फोकस अचूक आहे. एडिटमध्ये डीहेझ ३५ ला राजमाचीच्या श्रीवर्धन बालेकिल्ल्याच्या बुरुजावरून रेघ निघालीय आणि डावीकडे लोणावळ्याचा उजेड राखाडी डागासारखा झालाय. डीहेझ पूर्ण शून्यावर आण. क्लॅरिटीही शून्य. त्याऐवजी कर्व्हमध्ये खालचा पाव भाग जरासा खाली आणि मधला थोडा वर, एवढंच करून बघ. व्हायब्रन्स १० पुरे. मग कोअरवर मोठा मऊ ब्रश, क्लॅरिटी १२. झालं की आजच्या आज टाकू नकोस, उद्या सकाळी उजेडात उघडून बघ आणि मूळ स्टॅकच्या थरावर एडिटचा थर ७० टक्क्यांवर ठेवून कसं वाटतं तेही बघ.

ध्रुवमत्स्य

पुनर्वसू, ज्येष्ठेचा रंग सुंदर आलाय. रंगाला आता हात लावू नकोस.

पुनर्वसू

धन्यवाद रातवा दादा, काका! कर्व्हने केलं, रेघ गेली. ७० टक्के आणि १०० टक्के दोन्ही शेजारी ठेवून बघितले, ७० वाला जास्त आवडला, तोच टाकतेय. सेटिंग, फ्रेमची संख्या आणि जमीन वेगळ्या फ्रेममधली आहे हे खाली लिहिलंय.